बॉक्सर बॅरी मॅकगिगनने वर्षभरात जगज्जेतेपदाचा किताब घालवला, मग आयर्लंडमध्ये त्याला एवढं डोक्यावर का घेतात? त्याच्यात दम नव्हता का?

‘दम नव्हता’ हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो.

मीही ५७ किलोत खेळायचो, म्हणजे मॅकगिगनच्याच फेदरवेट गटात. जिल्ह्याची निवड चाचणी मे महिन्यात, हॉलला पत्र्याचं छप्पर. वजन बसावं म्हणून सरांनी आदल्या दिवसापासून पाणी तोडलेलं. वजन झाल्यावर नुसती चूळ भरू दिली. सुरुवातीला मीच मारत होतो. शेवटच्या राउंडला घाम यायचाच थांबला. समोरच्याचा ठोसा येताना स्पष्ट दिसत होता, पण पाय जागचे हलेनात. पडलो. घरी थोरल्या भावाने चार लोकांत जाहीर केलं, “याच्यात दमच नाही.” लग्नकार्यात तो अजूनही हेच सांगतो.

आता मॅकगिगनचं बघा. २३ जून १९८६, लास वेगास, रिंग उघड्यावर, तापमान ४० अंशांच्या वर. हा गडी मोनाहन परगण्यातल्या क्लोन्सचा, थंड-ओल्या हवेत वाढलेला. समोर ऐन वेळी बदली आलेला टेक्ससचा स्टीव्ह क्रूझ. दहाव्या राउंडला मॅकगिगन खाली गेला, बाराव्यात कमरेखाली मारल्याबद्दल गुण कापला गेला, तरीही पंधराव्यापर्यंत लढत त्याच्या हातात होती. त्या शेवटच्या राउंडला तो दोनदा पडला, दोन्ही वेळा उठला आणि घंटा होईपर्यंत उभा राहिला. तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर तो फक्त एका गुणाने हरला. तिथून त्याला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. याला दम नसणं म्हणतात?

आणि मोठेपण त्या एका लढतीवर मोजायचंच कशाला? ८ जून १९८५ ला लंडनच्या लॉफ्टस रोड मैदानावर त्याने पनामाच्या युसेबियो पेड्रोझाला हरवलं. सात वर्षं जगज्जेता असलेला, १९ वेळा किताब राखलेला, त्याला सातव्या राउंडला खाली बसवलं. शिवाय उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात माणसं मरत असताना हा कॅथलिक, बायको प्रोटेस्टंट. रिंगमध्ये कुठल्याच बाजूचा झेंडा नेला नाही, पेड्रोझाच्या लढतीआधी राष्ट्रगीताऐवजी वडिलांनी ‘डॅनी बॉय’ म्हटलं. बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये दोन्हीकडचे लोक शेजारी बसून त्याच्यासाठी ओरडायचे. लोक त्याला डोक्यावर घेतात ते मुख्यतः यासाठी.

क्रूझचं श्रेय मी काढून घेत नाही, ऊन त्यालाही तेवढंच होतं आणि तो चांगला खेळला. मॅकगिगनने वजनासाठी पाणी तोडलं होतं असंही माझं म्हणणं नाही, ते माझ्याबाबतीत झालं.

पण तुमच्या घरातलं कुणी पोर बॉक्सिंग करत असेल तर पाणी तोडून वजन बसवणाऱ्या कोचकडे त्याला एक दिवसही ठेवू नका. आणि दादा, तू हे वाचत असशील तर तो पंधरावा राउंड एकदा बसून बघ, मग मला फोन कर.