कॉफी गरम असते, हेही लिहावे लागते काय?

प्रश्न : नुकताच घरी नवा मिक्सर घेतला. त्याच्या माहितीपुस्तिकेची सुरुवातीची पाने नुसत्या इशाऱ्यांनी भरलेली असून ‘फिरत्या पात्यांना बोट लावू नये’ हेही त्यांत छापले आहे. अमेरिकेत तर कॉफी अंगावर सांडून घेणाऱ्या एका बाईंना लाखो डॉलर मिळाले म्हणे. माणसाने स्वतःची काळजी स्वतः घ्यायची की नाही? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, पण तिच्या पुष्ट्यर्थ दिलेला दाखला तिच्या बाजूने साक्ष देत नाही. १९९२ साली न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे ७९ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर, उभ्या गाडीत पेल्याचे झाकण काढताना, मॅक्डॉनल्ड्सची कॉफी सांडली. त्या कंपनीच्या नियमाप्रमाणे कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसवर ठेवली जात असे. इतक्या उष्णतेने काही सेकंदांतच कातडी खोलवर भाजते, आणि त्या बाईंवर त्वचारोपण करावे लागले. आधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी आल्या होत्या, हेही खटल्यात उघड झाले. कॉफी गरम असते हे बाईंना ठाऊक होतेच, शिवाय पेल्यावर तसा इशाराही छापलेला होता. १९९४ साली ज्यूरीने २० टक्के दोष त्यांच्याच पदरात घातला आणि २ लाख डॉलरची भरपाई १ लाख ६० हजारांवर आणली. कंपनीला केलेला २७ लाख डॉलरचा दंड न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांपर्यंत उतरवला, आणि पुढे उभयपक्षी तडजोड झाली. वर्तमानपत्रांतून जगभर गेला तो मात्र लाखोंचा आकडा.

आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याबाबतीत बराच समंजस आहे. योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत तर उत्पादक जबाबदार ठरतो, पण जो धोका उघड आहे किंवा वापरणाऱ्याला सर्वसाधारणपणे ठाऊक असतो, त्याचा इशारा दिला नाही म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असे कलम ८७ सांगते. म्हणजे मिक्सरच्या पात्यांविषयीचे ते वाक्य या कायद्याने मागितलेले दिसत नाही. पुढेमागे कोणी दावा लावलाच तर हाताशी असावे, एवढ्याच धास्तीने ते छापले गेले असावे, असा माझा कयास आहे.

अशा वाक्यांनी माणसे लेचेपेची होतात असे मला वाटत नाही. ती पुस्तिका वाचणे सोडून देतात, आणि खरे नुकसान तिथे होते. प्रेशर कुकरचेच पाहा. गरम कुकरला हात लावू नये, हे घरातले पोरही जाणते. पण डाळ शिजवताना कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, कारण वर येणारा फेस आणि साले वाफेच्या नळीत अडकून ती बंद होऊ शकते, आणि म्हणून शिटी लावण्यापूर्वी ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे, ही गोष्ट वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्यांनाही सांगावी लागते. डोळ्यांना न दिसणाऱ्या धोक्याची ही एक ओळ वीस उघड ओळींच्या गर्दीत छापली, तर ती कोण वाचणार?

याहून मला खटकतो तो गाडी लावल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीवरचा ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ हा मजकूर, कारण त्यात काळजीचा आव असतो आणि हेतू हात झटकण्याचा असतो. दिल्लीतील ताज महाल हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने कर्मचाऱ्याच्या हाती सोपवलेली गाडी चोरीस गेली, तेव्हा हॉटेलने चिठ्ठीवरच्या अशाच ओळीवर बोट ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते मानले नाही : किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळण्याची जबाबदारी हॉटेलवर येते, आणि स्वतःच्या हलगर्जीपणातून छापील मजकुराच्या आधारे सुटता येत नाही. आपण स्वतः गाडी लावून किल्ली खिशात ठेवली असेल, तर मात्र हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असे समजू नये. किल्ली दिलीत, तर चिठ्ठी जपून ठेवावी.