'कॅरी ऑन' वाचायच्या आधी 'फॅनगर्ल' वाचावीच लागते का?

नाही, सरळ 'कॅरी ऑन' वाचा. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीच्या पानांतच आपलं काहीतरी वाचायचं राहिलंय असं वाटलं. तसं सगळ्यांनाच वाटतं कारण पुस्तक लिहिलंयच तसं. लेखिका रेनबो रॉवेलची 'फॅनगर्ल' ही कादंबरी आली २०१३ मध्ये, त्यात जादूबिदू काही नाही, नेब्रास्काच्या युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरला आलेली कॅथ ही पुस्तकांच्या एका सिरीजमधल्या सायमन स्नो नावाच्या जादूगार मुलाची जबरदस्त फॅन असते आणि त्याच्यावर फॅनफिक्शन (आवडत्या पात्रांवर फॅननेच रचलेल्या गोष्टी) लिहीत असते. सायमनच्या पुस्तकांची ती सिरीज खऱ्या जगात नाहीच. २०१५ मध्ये रॉवेलने सायमनची गोष्ट स्वतःच लिहिली, तीच 'कॅरी ऑन' (कॅथने लिहिलेली ती ही नव्हे), पण सुरुवात केली ती थेट वॉटफर्ड या जादूच्या शाळेतल्या त्याच्या शेवटच्या म्हणजे आठव्या वर्षापासून, आधीची सात वर्षं आपल्याला माहीतच आहेत असं धरून. तेवढं डोक्यात ठेवलं की गोंधळ होत नाही, जुने संदर्भ पुढे आपोआप लागत जातात.

मला या पुस्तकात सगळ्यात आवडते ती सायमन आणि त्याचा रूममेट बॅझ यांची खोली. पहिल्याच वर्षी क्रूसिबल नावाची जादूची वस्तू तुमचा रूममेट ठरवते आणि तो शाळा संपेपर्यंत बदलता येत नाही, आणि खोलीच्या आत रूममेटला इजा करायची नाही अशी जादूचीच बंदी असते. बाहेर हे दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले, दोघांची माणसं पण विरुद्ध बाजूंची, आणि रात्री मात्र समोरासमोरच्या पलंगांवर झोपायचं! त्यामुळे सायमनला बॅझ कसा झोपतो, कधी बाहेर जातो सगळं पाठ झालेलं असतं, आणि आठव्या वर्षी बॅझ शाळेत परततच नाही तेव्हा सायमनला दुसरं काही सुचेनासं होतं. बॅझ येईपर्यंतचा भाग काहींना संथ वाटतो पण तो गाळू नका, नंतर दोघांमध्ये जे होतं ते त्याच्यामुळेच पटतं.

जादूची कल्पनाही भारी आहे, मंत्र म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेली वाक्यं, म्हणी, बडबडगीतं. जितके जास्त लोक ते वाक्य बोलतात तितकी त्यात ताकद, आणि लोक बोलायचे थांबले की मंत्र पण कमजोर होत जातो. ड्रॅगन येतो तेव्हा बॅझ लहान मुलांचं लेडीबर्डचं गाणं म्हणतो आणि सायमन आपली जादू त्याच्यात ओततो, तो सीन मी कितीतरी वेळा वाचलाय.

शेवट थोडा घाईत उरकलाय असं माझं मत, शाळेचा प्रमुख 'द मेज' (Mage) याच्यावर अजून पानं हवी होती. पुढे 'वेवर्ड सन' (२०१९) आणि 'एनी वे द विंड ब्लोज' (२०२१) आहेत. 'वेवर्ड सन'मध्ये शाळा संपलेली असते, सायमन आता मैत्रीण पेनीसोबत लंडनमध्ये फ्लॅटवर राहतो, मनाने खूप खचलेला आहे, आणि बॅझसकट तिघं अमेरिकेत रोड ट्रिपला जातात. हॉस्टेलवाली मजा हवी असेल तर ती त्यात नाही. पण सगळं जिंकल्यावर मोडून पडलेला मुलगा फँटसीत इतका खरा क्वचितच वाचायला मिळतो, म्हणून मी तरी म्हणेन तिन्ही वाचा, आणि 'फॅनगर्ल' वाटेल तेव्हा घ्या.