लंडनची नाटकं परवडतील, पण ती ‘एफडी’ एफडी नाही

सांगलीचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: “वय ६३, पेन्शन ४२ हजार. जुलैत आम्ही दोघं लेकीकडे लंडनला तीन आठवडे जातोय. विमानाची तिकिटं झाली. मी हौशी रंगभूमीवर तीस वर्षं काढली, त्यामुळे तिथली पाच तरी नाटकं पुढच्या रांगेतून बघायची आहेत. बँकेतल्या साहेबांनी करून दिलेली एफडी जूनमध्ये सुटते. वर्षाला दोन लाख, असे दोन वर्षांत चार भरले, साडेचार येतील. तिकिटांना त्यातले दीड लाख काढू का?”

सर, सोबत पाठवलेला कागदाचा फोटो दोनदा वाचला. ही एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. हप्ता दोन लाख, भरायची वर्षं सात, पैसे हातात पंधराव्या वर्षी, म्हणजे तुम्ही ७६ चे व्हाल तेव्हा. जूनमध्ये साडेचार लाख येणार नाहीत, तिसरा हप्ता जाणार आहे. ‘साहेबां’ना कमिशन मिळालं, तुम्हाला ‘एफडीसारखंच आहे’ हे वाक्य मिळालं. दर आठवड्याला मला असं एक तरी पत्र येतं आणि वाक्य तेच असतं.

चौदा लाख भरून २४ लाख मिळणार, असं कागद म्हणतो. पैसे सरासरी बारा वर्षं अडकतात, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. आता दुसरी बाजू. आज पॉलिसी मोडली तर हमीची किमान रक्कम भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. पॉलिसी मोडल्यावर कंपनी आपल्या हिशेबाने देते ते ‘विशेष सरेंडर मूल्य’ त्याहून जास्त असू शकतं, तो आकडा कंपनीकडून लेखी मागा. समजा १.२० लाखच आले. ते आणि उरलेले पाच हप्ते सात टक्क्यांच्या ठेवीत टाकले, तरी त्याच मुदतीला साधारण २४ लाखच होतात. बेरीज तीच, पण मधली सगळी वर्षं पैसा तुमच्या हातात. दुखणंखुपणं निघालं तर कुणापुढे अर्ज नको.

तरी मोडायची घाई नको. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा: ‘ठेव सांगून पॉलिसी विकली, सगळे हप्ते परत करा.’ तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. ‘साहेबां’चे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर पुसू नका, ‘एफडी’ हा शब्द त्यांच्या हातचा सापडला तर सोनं. यात यश येईलच असं नाही. नाही आलं तर मोडा किंवा हप्ते थांबवून पेड-अप करा, म्हणजे पॉलिसी कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू राहते.

आता नाटकं. सांगलीच्या माणसाला नाटक पाहू नका असं मी कोण सांगणार! पण पुढच्या रांगेचा हट्ट सोडा. माणशी शंभर पौंड धरले, तर दोघांची पाच नाटकं हजार पौंड. पौंड १२० ने एक लाख वीस हजार. त्याऐवजी लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएस या सवलतीच्या तिकीट-खिडकीवर एक मोठं म्युझिकल घ्या, दोघांचे शंभर पौंड धरा. नॅशनल थिएटरची दहा पौंडांची तिकिटं शुक्रवारी दुपारी एकला ऑनलाइन सुटतात, त्या वेळी फोन लेकीच्या हातात असू द्या. शेक्सपियरच्या ग्लोब नाट्यगृहात पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या मोकळ्या जागेत, उभं राहायला पाच-दहा पौंड. वर उघडं आकाश, छत्री उघडू देत नाहीत, आणि तीन तास बूड टेकायचं नाही. काकूंच्या गुडघ्यांचं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तिथे एकटे जा. जुलैच्या मध्यापासून अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू होतो; उभ्याचं तिकीट आठ पौंडांच्या आसपास, तेही तुमच्या एकट्याचं. सगळं मिळून दीडशे पौंडांच्या आत, म्हणजे अठरा हजार. तिकिटं लेकीच्या कार्डावरच काढा. आपल्या कार्डांवर परकीय चलनाचं साडेतीन टक्क्यांपर्यंत वर पडतं.

एवढे तर तुमच्या बचत खात्यातल्या १ लाख ८० हजारांतूनच निघतात. फक्त त्याच खात्यावर जूनच्या हप्त्याचा ऑटो-डेबिट लावलेला दिसतोय. या आठवड्यात शाखेत जाऊन तो लेखी रद्द करा आणि पोच घ्या. ‘साहेब’ चहा विचारतील, चहा घ्या, सही कशावरही करू नका.