नकाशांवर पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी पुण्यात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय भूगोल. दर रविवारी जुना इंची नकाशा घेऊन आंबी नदीच्या खोऱ्यात जाते आणि पानशेतच्या काठावर उभी राहून पाण्याखालच्या गावाची जागा बोटाने दाखवते. म्हणते, हेच काम करणार. यात पोट भरेल का, की बी.एड. करू दे? – एक पालक, सिंहगड रस्ता

सप्रेम नमस्कार.

बोटाने जागा दाखवणारी मुलगी नकाशा वाचते आहे. हे भल्याभल्यांना जमत नाही, म्हणून आधी तिचं कौतुक करा.

इंची नकाशा म्हणजे एका इंचाला एक मैल. आजच्या सरकारी नकाशाचा कागद, म्हणजे शीट, १:५०,०००ची, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. पानशेतचा भाग ४७ एफ/११ या शीटवर येतो. जुना कागद आकसतो, घडीवर विरतो. त्यामुळे देऊळ, तिठा, डोंगरमाथा असे न हललेले बिंदू दोन्हीकडे शोधून तो आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवावा लागतो. यालाच जिओरेफरन्सिंग म्हणतात. धरणाच्या खोऱ्यात खरी गोम अशी की तळातले बिंदू बुडाले, उरले ते माथ्यावरचे. माथे चोख जुळतात आणि नेमकं नदीपात्र सरकतं. मे महिन्यात पाणी उतरल्यावर एखादा चौथरा उघडा पडला, तर तिथलं जीपीएस वाचन लाखमोलाचं!

आता पोटाचं. जुन्या नकाशांवर पगार देणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. पण हेच कौशल्य पूररेषा, रस्ते, पाणलोट, पुनर्वसन अशा कामांना लागतं, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये सरकारने नकाशांवरचे निर्बंध सैल केल्यापासून खाजगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली आहे. तिने जिओइन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशाशास्त्रात, एम.एस्सी. करावं, प्रवेशाच्या अटी आधी पाहून घ्या. गणित कच्चं असेल तर आत्ताच पक्कं करू दे. क्यूजीआयएस हे नकाशे बसवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते आजच उतरवून घ्या. भूमी अभिलेख खात्यातल्या भूकरमापक (जमीन मोजणाऱ्या) पदावर मात्र विसंबू नका. तिथे सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर कोर्स मागतात, नुसती बी.ए. चालत नाही.

मोडी जरूर शिकू दे. तेहतीस फुटी साखळीने मोजलेला गुंठा आणि जुनी दप्तरं ज्याला वाचता येतात, तो नकाशातल्या रेघेमागचं शेत ओळखतो.

बी.एड. दोन वर्षांनीही करता येईल. या उन्हाळ्यात मात्र तिला एकच शीट पुरी बसवू द्या, आणि खोऱ्याच्या तळाला चूक किती मीटरची राहिली तेही लिहायला सांगा. नोकरीच्या मुलाखतीत हाच कागद पुढे करायचा.