दोन मीटर कार्बनचं कापड नि तीन कामं

भाऊ, ऑर्डर अजून दिली नसेल तर आजची रात्र थांबा.

तुमचा प्रश्न मला असा समजला. कारंजा घाडगेकडे तुमचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ऑनलाइन 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं) 3के ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं, कार्बन कापड दिसलं, ते दोन मीटर मागवायचं आणि त्यातच तीन कामं उरकायची: संत्र्याच्या बागेत फवारणीला जाणाऱ्या ब्लोअरच्या पंख्याभोवतीचं तडकलेलं फायबरचं कडं, ड्रायव्हरचा पाय भाजतो म्हणून ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर झाकण, आणि घरच्या बीमला गेलेला तडा. वर तुम्ही विचारलंय, "कार्बन लोखंडाहून मजबूत, रॉकेटलाही लावतात, मग इथं काहून नाही चालणार?"

तिन्हीपैकी एकाही ठिकाणी मी ते कापड लावणार नाही. का, ते सांगतो. जरा लांबेल.

धागा दमदार आहे, त्यात वाद नाही. वजनाला लोखंडाच्या पाव हिश्श्याहून हलका, आणि साध्या ग्रेडचा धागासुद्धा 3500 मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास ओढ सोसतो. पण आपल्या हातात येतं ते कापड. कापडाचं दोरीसारखं असतं, ओढलं तर ताण घेतं, ढकललं तर दुमडतं. त्याला आकारात धरून ठेवतं ते रेझिन, म्हणजे कापडात मुरवल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, आणि उष्णतेपुढं आधी हात टेकतं तेही रेझिनच.

हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मळणीयंत्रवाल्याला सायलेन्सरवर कार्बनची ढाल करून दिली होती. दोन थर, इपॉक्सी नावाचं रेझिन, वरून क्लिअर कोट. इतकी चकचकीत झाली की लोक थांबून बोट फिरवून पाहत. सोयाबीनच्या हंगामात पहिल्याच दिवशी तासाभरात तिला फोड आले, मग जळक्या प्लास्टिकसारखा वास सुटला. संध्याकाळी जाऊन पाहतो तर रेझिन उडून गेलेलं आणि बोल्टांना काळी चिंधी लोंबत होती. काढून झटकली, तर वीण जशीच्या तशी, एक धागा तुटलेला नव्हता. कापड आगीला पुरलं होतं, ढाल पुरली नव्हती.

इपॉक्सी एकदा पिकलं, म्हणजे घट्ट झालं, की मेणासारखं वितळत नाही, मऊ पडतं. ज्या तापमानाच्या आसपास मऊ पडतं त्याला टीजी म्हणतात, आणि बऱ्या रेझिनच्या माहितीपत्रकात तो आकडा दिलेला असतो. नसेल तर ते रेझिन घेऊ नका. साध्या हवेत पिकणाऱ्या इपॉक्सीचा टीजी साधारण 50 ते 70 अंश असतो. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. सावलीत 45, आणि उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या काळ्या बॉनेटवर हात ठेवून दाखवा. काळी वस्तू थेट उन्हात 70 च्या वर सहज जाते. म्हणजे सायलेन्सर राहू द्या, नुसत्या उन्हानंसुद्धा कार्बनचा पातळ पत्रा वाकतो. थंड देशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहून आपण फसतो ते इथंच.

यावर उपाय आहे. रेझिनचा टीजी ते ज्या तापमानाला पिकवलं त्याच्या फार वर जात नाही, म्हणून वस्तू साच्यावर असतानाच नंतर हळूहळू तापवून पिकवायची. शहरात त्याला ओव्हन लागतो, आपल्याला ऊन फुकट आहे. मी आतून काळा रंग दिलेली पत्र्याची पेटी करून घेतली आहे, वर काच. एप्रिल-मेमध्ये आत थर्मामीटर ठेवून दोन-तीन दिवस वस्तू भाजतो. आधी एक दिवस सावलीत राहू द्यायची, नाहीतर ताजी वस्तू पेटीतच लोळण घेते.

रॉकेटचं म्हणाल तर तो कार्बन वेगळा. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या नाकाला आणि पंखांच्या पुढच्या कडेला कार्बन-कार्बन होतं: धागाही कार्बनचा आणि त्याला धरणारा मालही कार्बनच, इपॉक्सी नावालाही नाही. वरून सिलिकॉन कार्बाइडचा लेप, कारण उघड्या हवेत कार्बनचा धागा 400-500 अंशांपासून हळूहळू झिजून हवेत जायला लागतो. 2003 साली कोलंबिया पडलं, ज्यात कल्पना चावला होत्या, ते डाव्या पंखाच्या याच कडेला उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा लागून भोक पडल्यामुळं. उष्णता सोसणारी वस्तू मार सोसेलच असं नाही.

मग उष्णतेला काय लावायचं? कार्बनचा एक अर्धकच्चा भाऊ आहे, ऑक्सिडाइज्ड पॅन, बाजारात प्रीऑक्स म्हणतात. कार्बनचा धागा ज्या ॲक्रिलिक धाग्यापासून बनतो, तो 200-300 अंशांवर हवेत भाजून तिथंच थांबवलेला. तो वितळत नाही, वीज वाहत नाही, आणि पेट धरायला हवेतल्या 21 टक्क्यांच्या दुपटीहून जास्त ऑक्सिजन मागतो. वेल्डिंगच्या ठिणग्या अडवणारं काळं ब्लँकेट किंवा फेल्ट बहुतेक वेळा याचंच असतं आणि विकणारे त्याला सर्रास "कार्बन" म्हणतात. तुमच्या दुकानाला खरी गरज त्याची आहे, विशेषतः शेजारी कापसाची गंजी लागत असेल तर. काचेचं कापड 500-550 अंशांपर्यंत निभावतं, सिलिकाचं 1000 पर्यंत. सिरॅमिकचं पांढरं ब्लँकेट त्याहून वर जातं, पण त्याचे तंतू छातीत जातात, मास्कशिवाय कापू नका. हार्डवेअरच्या दुकानात कोणी जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी काढून दिली तर तिथंच ठेवून या.

पण सायलेन्सरला तर मी यातलं कोणतंच कापड गुंडाळणार नाही. नांगरट चालू असताना डिझेल इंजिनचा धूर मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून बाहेर पडतो तिथं) 400-500 अंशांच्या घरात असतो. कापड गुंडाळलं की ते पावसात पाणी धरतं, खालून नळी गंजते. डिझेल किंवा ऑइल गळत असेल तर ते पिऊन बसतं. त्यात कापसाची बोंडं भरलेली ट्रॉली ओढायची, मळणीचा भुसा उडतो, तो त्या खडबडीत कापडाला चिकटतो. पेटायला आणखी काय पाहिजे? तुम्ही फॅब्रिकेटर आहात, पत्र्याचं काम तुमच्या घरचं. भोकं पाडलेल्या पत्र्याचा अर्धगोल करा आणि बोल्टवर नळीचे तुकडे घालून तो सायलेन्सरपासून बोटभर, 20-25 मिलिमीटर, लांब धरा. वरून-खालून हवा वाहू द्या. ती बोटभर हवाच पाय वाचवते. कापडाच्या कुरिअरखर्चात होईल.

आता ब्लोअरचं कडं. या कामात थोडा जीव आहे, म्हणून नीट सांगतो.

ते कडं पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या मॅटचं असतं. त्यावर कार्बनचा एक थर चढवला तर काय होतं? कार्बन काचेपेक्षा तिपटीनं ताठ आहे, 230 ला 72 गिगापास्कल. त्यामुळं सगळा भार आधी तो ओढून घेतो, पण ताणायची त्याची ऐपत जेमतेम दीड-दोन टक्के. काचेचा धागा चार टक्क्यांच्या वर ताणतो. बागेत फांदीचा फटका बसणाऱ्या वस्तूला ताठपणा नको, सोशिकपणा पाहिजे. दुसरं, कार्बन वीज वाहतो. तो लोखंडी बोल्टला किंवा ॲल्युमिनियमला टेकला आणि मध्ये ओल आली की गंज धातूला चढतो, कार्बनला काही होत नाही. आणि ब्लोअर कायम कशानं ओला असतो? मोरचूद, कॉपर, खतं. कार्बन लावायचाच झाला तर धातूकडच्या बाजूला काचेचा एक थर मध्ये घालावाच लागतो.

म्हणून काच. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढं पळणार नाही. मग आतून-बाहेरून तडा मधोमध धरून दोन्ही बाजूंना तळहाताच्या रुंदीएवढं घासा, जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगाचा थर) पूर्ण काढून खालचा काचेचा थर दिसेपर्यंत. औषधाचा तवंग आधी साबणानं धुवा; घासल्यावर धुवायला गेलात तर तो आणखी आत जिरतो. रेझिन इपॉक्सी घ्या, कारण जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगलं धरतं. उलटं होत नाही: इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही, तेव्हा पुढची दुरुस्तीही इपॉक्सीनंच करावी लागेल हे लक्षात असू द्या. आणि इपॉक्सीबरोबर साधी चॉप मॅट, म्हणजे काचेचे तुटक धागे डिंकानं चिकटवलेली मॅट, वापरू नका. तिचा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवानं विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. विणलेलं काचेचं कापड घ्या, 200 ते 400 जीएसएम, पहिला तुकडा लहान, पुढचे मोठे होत जाणारे.

कडं थरथरत असेल तर थर वाढवण्याआधी फासळी द्या. पीव्हीसीचा अर्धा इंची पाइप उभा चिरून अर्धा भाग बाहेरून कड्यावर ठेवायचा आणि त्यावरून काचेचे दोन थर. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, तो हिशोब कार्बनपेक्षा स्वस्त पडतो.

रेझिन कालवताना घड्याळ पाहा. डब्यावर "25 अंशांला 30 मिनिटं" लिहिलेलं असतं, आणि दर दहा अंशांना वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यातल्या दुपारी तुमच्या हातात आठ-दहा मिनिटं. मी एकदा लिटरभर रेझिन प्लास्टिकच्या मगात कालवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तर मगातून धूर निघत होता, बूड वितळून मग बाकाला चिकटलेला. तो अजून तिथंच आहे, पोरं त्यात पेन ठेवतात. सकाळी सहाला काम करा, पसरट ताटात थोडं थोडं कालवा. पावसाळ्यात केलंत तर पिकलेल्या थरावर तेलकट पापुद्रा येतो, तो पाणी आणि घासणीनं काढल्याशिवाय पुढचा थर देऊ नका.

बीमबद्दल थोडक्यात, पण ठाम. तुमचं गाव काळ्या मातीचं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंती-बीमचे तिरपे तडे बहुतेक पायाखालून आलेले असतात. वर कापड चिकटवणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. खऱ्या मजबुतीकरणाला कार्बन लावतात, पण ते ट्विल नसतं. सगळे धागे एकाच दिशेनं असलेलं यूडी कापड असतं, सोबत प्रायमर, पुट्टी आणि त्याचंच रेझिन. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत काँक्रीटची पकड किमान 1.4 मेगापास्कल आणि गुंडाळताना कोपऱ्यांची गोलाई किमान 13 मिलिमीटर सांगितली आहे. शिवाय आगीत कापड गेलंच तर तो बीम स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे, अशी अट आहे. आत सळई गंजली असेल तर वरून गुंडाळणं म्हणजे गंज आत कोंडणं. बीमवर नाणं आपटून पाहा, पोकळ वाजलं तर आत सळई गंजून फुगलेली असू शकते. वाजो न वाजो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हे काम माझं नाही आणि तुमचंही नाही.

एवढं सांगूनही हौस म्हणून कापड घ्यायचंच असेल (मलाही ती होतीच), तर आल्यावर आधी मल्टीमीटर लावा. काळी रंगवलेली काच कार्बन म्हणून विकली जाते. कंटिन्युइटीवर ठेवून मीटरची दोन टोकं एकाच पट्टीच्या धाग्याला टेकवा, पीप वाजला तर कार्बन. नाहीतर एक धागा लायटरवर धरा: कार्बन लाल होतो पण गोळी होत नाही, पातळ काचेच्या टोकाला बारीक मणी तयार होतो. 3के म्हणजे एका पट्टीत 3000 तंतू, प्रत्येक सात मायक्रॉनच्या आसपास. त्याचा भुगा अंगाला खाजतो आणि वीज वाहतो, म्हणून ग्राइंडरनं कापू नका, मोटरमध्ये शिरला तर ग्राइंडरच जाईल. पाणी मारून, हॅक्सॉनं, मास्क लावून कापा. आणि त्या कापडाची लांब काठी करून फळं तोडायला किंवा फवारणीच्या नळीला लावू नका. आपल्याकडं बागांवरून 11 केव्हीच्या तारा गेल्यात, आणि कार्बनची काठी तारेला लागली तर ती बांबूसारखी वागत नाही.

कड्याचा फोटो टाका, आतल्या बाजूनं. तडा बोल्टच्या भोकापासून सुरू झाला असेल तर पंख्याचा बॅलन्स आधी पाहावा लागेल, नाहीतर काच लावूनही तिथंच पुन्हा फुटेल.