वाचक विचारतात : डाळिंबाचा रंग

प्रश्न : सोव्हिएत दिग्दर्शक पाराजानोव्ह यांचा ‘द कलर ऑफ पॉमग्रॅनेट्स’ हा चित्रपट दोनदा पाहिला, पण गोष्ट हाती लागली नाही. काय चुकतंय?

उत्तर : गोष्ट शोधताय, तिथेच अडतंय. अठराव्या शतकातला आर्मेनियन लोककवी सायात-नोवा याचं आयुष्य इथे घटनांतून नव्हे, चित्रांतून येतं. संवाद जवळजवळ नाहीत. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी उभा, माणसं थेट आपल्याकडे पाहणारी, दृश्यातली खोली पुसून सगळं सपाट केलेलं. जुन्या हस्तलिखितांतल्या लघुचित्रांचीच ही रीत.

सुरुवात नीट पाहा. पांढऱ्या कापडावर तीन डाळिंबं, त्यांचा लाल रस हळूहळू पसरत जातो. पुढे रंगवलेल्या लोकरीच्या लडी थाळ्यांवर ठिबकतात. मठाच्या छपरावर ओल्या पोथ्या वाळत घातल्यात आणि वाऱ्याने पानं फडफडताहेत. तो आवाज ऐकायलाच हवा, म्हणून मोबाईलऐवजी मोठा पडदा आणि हेडफोन घ्या.

आणखी एक गोंधळ : तरुण कवी आणि त्याची प्रेयसी, दोघंही सोफिको चियाउरेली हीच अभिनेत्री साकारते. हे आधी माहीत नसेल तर माणसं ओळखताना घोळ होतो.

प्रतही तपासा. सोव्हिएत काळात दिग्दर्शक सर्गेई युत्केविच यांनी फेरसंकलित केलेली, थोडी छोटी प्रत बरीच फिरते. २०१४ साली जतन-दुरुस्ती झालेली प्रत मिळवा, ती पाराजानोव्ह यांच्या मांडणीला जास्त जवळची आहे. पहिल्यांदा उपशीर्षकं बंद ठेवून पाहा, ओळी दुसऱ्या खेपेला वाचा.