धडगावजवळच्या आमच्या पाड्याच्या ग्रामसभेला जंगलतोड थांबवता येईल का?

हो, येईल. वनहक्क कायदा २००६च्या कलम ५ नुसार ग्रामसभेला जंगल राखायचा आणि त्याचे नियम ठरवायचा अधिकार आहे. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला की जंगलाचं व्यवस्थापनही गावाकडे येतं. आपल्या खान्देशातलंच बारीपाडा बघा (ता. साक्री). हा कायदा यायच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी कुऱ्हाडबंदी केली, जंगलात बैलगाडी न्यायलाही बंदी घातली आणि उघड्या पडलेल्या डोंगरावर शेकडो हेक्टर रान पुन्हा उभं केलं. आता पावसाळ्यात तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते! फक्त एक लक्षात घ्या: शेजारचे पाडे सोबत नसतील तर हे टिकत नाही, कारण सरपणाची मोळी त्यांनाही लागतेच. ठराव करण्याआधी त्यांच्यासोबत बसा.